देवाचा डोळा

बंकटचा डावा डोळा पुन्हा लाल झाला, ते त्याने सांगायच्या आधीच बायडाला कळलं. रोज पहाटे तो पालाबाहेर येऊन उगवतीकडे तोंड करून बसायचा, आखडलेली कंबर सुटेपर्यंत. त्या दिवशी मात्र तो उगवतीकडे पाठ करून बसला होता.

“आवं, इकडं बघा जरा.”

“काय बघू? तू काय आजच आलीस व्हय?”

“बघा म्हन्ते ना.”

त्याने मान वळवली. सकाळच्या वेळी त्याची मान एकटी वळत नसे. मान, खांदे, पाठ असं सगळं मिळून ओंडक्यासारखं फिरायचं. डाव्या डोळ्याची पापणी अर्धी मिटलेली होती. बायडाने दोन बोटांनी ती उचलली, तसा तो “हां हां” करत मागे सरला. बुबुळाच्या भोवती लालीचं कडं उमटलं होतं आणि पाणी गळत होतं. डोळे येणं तिला ठाऊक होतं. डोळे आले की चिपडं धरतात, पापण्या चिकटतात आणि आठवडाभरात सगळं निवळतं. इथे चिपडाचं नाव नव्हतं. डोळा आतून पेटल्यासारखा दिसत होता. आणि ती लग्न होऊन आल्यापासूनची ही तिसरी खेप. पहिल्या खेपेनंतर तो म्हणाला होता, डाव्यानं जरा धुरकट दिसतंय. दुसऱ्या खेपेनंतर त्याने तसं म्हणायचंही सोडून दिलं होतं.

त्या वर्षी त्यांचा तळ वडवणीच्या अलीकडे, बाजरी निघून गेलेल्या एका पाटलाच्या रानात होता. खतासाठी मेंढरं बसवली होती. माणसं म्हणाल तर तीनच : बंकट, बायडा आणि बंकटचा बाप तात्याबा. चौथी सहा महिन्यांची जानकी, पण ती अजून माणसांत धरायची नव्हती. सासू बायडाने पाहिलीच नव्हती.

तात्याबाचा डावा डोळा गेलेला होता. त्याच्या बापाचा उजवा गेला होता. त्याच्याही बापाचा कोणता तरी एक गेला होता, कोणता ते आता कुणाला सांगता येत नव्हतं. त्या घराण्यात सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं की थोरल्या लेकाचा एक डोळा बिरोबाचा. देव तो मागून घेतो आणि बदल्यात कळप राखतो. त्याला नावही होतं, देवाचा डोळा. तो लाल झाला की भंडारा लावलेलं पांढरं फडकं त्यावर बांधायचं, आणि ठणका थांबेपर्यंत सोडायचं नाही. दवा करायची नाही, कारण देवाच्या वाट्याची वस्तू राखून ठेवायची म्हणजे चोरीच. महिना-दोन महिन्यांत ठणका थांबायचा. डोळाही तोवर विझलेला असायचा. मग पुरण घालायचं, चार माणसं जेवू घालायची. तीन पिढ्यांत आमच्या कळपाला लांडगा लागला नाही, असं तात्याबा सांगायचा, आणि ते खरंही होतं.

मागच्या दोन खेपांना बंकटचा डोळा असाच बांधला होता. दोन्ही खेपांना दिसणं घटलं, पण थोडं उरलं. या खेपेला तात्याबाने लेकाकडे एकदाच बघितलं आणि तो शांतपणे म्हणाला, “आता घेतोय त्यो.”

आणि फडकं शोधायला लागला.

बायडाला त्याला थांबवायचं होतं. पण सुनेने सासऱ्याशी समोरासमोर बोलायची त्यांच्यात रीत नव्हती. पदर पुढे ओढायचा, तोंड फिरवायचं आणि जे सांगायचं ते तिसऱ्याच्या नावाने सांगायचं. जानकी जन्मली तेव्हापासून हा तिसरा आयताच घरात होता. बायडा लेकीला सांगे, तात्याबा नातीला सांगे, आणि जानकी दोघांचंही ऐकून मूठ तोंडात घाली.

“जने,” बायडा म्हणाली, “आज्याला सांग, म्या तुज्या बापाला घिऊन बीडला जातीय. सरकारी दवाखान्यात डाक्टर हाय.”

“जने, तुज्या आयला सांग, डोळा देवाचा हाय.”

“आज्याला सांग, देवाच्या वस्तूला लई ठणका लागलाय. बाप तुजा उभी रात तळमळलाय.”

तात्याबाला फडकं सापडलं होतं, तो त्याला भंडारा चोळायला लागला. मग बंकटच म्हणाला, “आबा, कपाळात घन घातल्यागत व्हतंय. म्या जातो.” लेक असं क्वचितच बोलायचा. म्हाताऱ्याने फडकं खाली ठेवलं. “जा. देवाचं देव बघून घेईल.” तो असं म्हणाला, ते होकार म्हणून की धमकी म्हणून, हे बायडाने विचारलं नाही. तिने तट्टावर वाकळ टाकली, त्यावर नवऱ्याला बसवलं, लेकीला पोटाशी बांधलं आणि लगाम धरून ती चालायला लागली.

बीडच्या दवाखान्यातले डाक्टर हैदराबादेकडचे होते. मराठी समजायची, बोलताना मात्र दखनी यायची. त्यांनी बंकटला एका अंधाऱ्या खोलीत बसवलं, एका हातात मेणबत्ती आणि दुसऱ्या हातात भिंग घेतलं आणि कितीतरी वेळ डोळ्यात बघत राहिले. मग मेणबत्ती ठेवून त्यांनी विचारलं, “कमर दुखती क्या?”

बंकटने बायकोकडे बघितलं. “डाक्टरसाब, डोळा दुखतोय. कंबर कावून इचारता?”

“बोलो तो सही. सुबह को आकडती?”

“आकडती म्हंजी? उठायाच येत न्हाई. तासभर हिंडलो की सुटती. बसलो की पुन्ना धरती.”

“काम करनेसे नहीं, बैठनेसे दुखती. बराबर?”

“बराबर,” बंकट म्हणाला, आणि जरासा दचकला. कंबर सगळ्यांचीच दुखते. पण सगळ्यांची राबून दुखते आणि झोपून थांबते. आपली उलटी आहे, हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, कारण ऐकणारा हसला असता.

“घर में और किसकू?”

“बापाला हाय. पार कमान झालीय त्याची.” मग जरा थांबून, “डोळाबी गेलाय त्याचा. डावाच.”

डाक्टरांनी मान हलवली, जणू ही गोष्ट त्यांना ठाऊकच होती आणि फक्त ऐकायची बाकी होती. मग त्यांनी जे सांगितलं ते दखनीत सांगितलं, कंपौंडर आसारामने मधे मधे मराठी करून दिलं, आणि बायडाने ते एकेक करून पदराच्या गाठीत बांधल्यासारखं मनात ठेवलं. डोळा एकटा आजारी नाही. अंगात एक जुनी सूज आहे, ती कंबरेत घर करून बसली आहे आणि अधूनमधून डोळ्यात उतरते. काळ्या बाहुलीभोवती जो तपकिरी पडदा असतो तो सुजतो, त्यातून चिकट पाणी सुटतं, बाहुली आकसते आणि डोळ्यातल्याच मागच्या भिंगाला डिंकाने डकवल्यासारखी चिकटून बसते. चिकटलेली राहिली की दिवा गेला. म्हणून सूज आहे तोवर बाहुली ताणून उघडी ठेवायची. थेंब घालायचे, शेक द्यायचा. आणि कंबरेसाठी भुकटी, भाकरी खाल्ल्यावरच घ्यायची, रिकाम्या पोटी नाही.

आसारामचं मराठीकरण संपायच्या आधीच बायडाने मान डोलावली.

“समजलं का, बाई?” आसाराम म्हणाला. “का नुसतीच मान हलवतेस?”

“समजलं.”

कसं समजलं ते तिने सांगितलं नाही. जानकीच्या जन्मानंतर तिच्या एका बाजूला दूध गोठून गाठ झाली होती, अंग तापलं होतं. सुईण म्हणाली होती, जीव गेला तरी लेकराला त्याच बाजूला लाव, वाहतं ठेव, बंद पडू देऊ नकोस. ती ओठ दातांत धरून पाजत राहिली होती. सुजलेली गोष्ट उघडी ठेवायची, हे तिच्या अंगाला माहीत होतं. डाक्टरांनी ते डोळ्यासाठी सांगितलं, एवढंच.

आसारामने एक लहानशी निळी शिशी दिली. खालची पापणी ओढून खोबण कशी करायची, थेंब पडला की नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून कसा धरायचा, म्हणजे दवा घशात उतरत नाही, ते त्याने तिच्याकडून करवून घेतलं. “आणि ऐक. बाहुली मोठी होईल. जवळचं दिसणार नाही, उजेड सोसणार नाही, तोंड कोरडं पडेल. घाबरायचं नाही. दवा बंद झाली की काही दिवसांत होतं तसं होईल. लेकराचा हात शिशीला लागू द्यायचा नाही.”

“आन् कंबर?” बंकटने विचारलं.

डाक्टर हसले, पण ते खोटं हसू नव्हतं. “कमर पूरी नहीं जाएगी, भाई. चलते रहो. आँख बचती है. आँख बचाओ.”

दोन दिवस ते धर्मशाळेत राहिले. डाक्टरांनी पुन्हा बघितलं तेव्हा बाहुली उघडायला लागली होती, पण गोल नव्हती. फुलासारखी, पाकळ्या पाकळ्यांची. “ये देखो,” डाक्टर बायडालाच म्हणाले, आणि भिंगातून तिला दाखवलं. जिथे जिथे पाकळी आत खेचली गेली होती, तिथे पडदा अजून चिकटलेला होता. तीन जागा. थेंब चालू राहिले तर सुटतील.

परत येताना बंकटच्या डोळ्यावर, उजेड लागू नये म्हणून दवाखान्याने दिलेलं, हिरवं फडकं होतं आणि ठणका निम्म्यावर आला होता. वाटेत तो एकदा चक्क गाणं गुणगुणला.

तळावर आल्यावर दुसऱ्या सकाळी तात्याबाने लेकाला जवळ बोलावलं. “बंक्या, काढ ते फडकं. बघू दे.”

बंकटने फडकं वर केलं. म्हातारा आपल्या एका डोळ्याने बघत राहिला, आणि त्याचा चेहरा पालटला.

“ही बाहुली हाय का हीर? तोंड कोरडं पडलंय का तुजं?”

“पडलंय.”

“जवळचं दिसतंय का?”

“न्हाई. पायातला काटा दिसंना. पर आबा, डाक्टर म्हनला...”

“धोतरा!” तात्याबा ओरडला, आणि दावणीचं कुत्रं उठून उभं राहिलं. “धोतरा घातलाय माज्या लेकाच्या डोळ्यात!”

धोतरा काय करतो हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. एका दुष्काळात बांधावर दुसरं हिरवं काही उरलं नाही म्हणून शेरडांनी तो खाल्ला होता. असेच पसरलेले काळेभोर डोळे, कोरडी जीभ, आणि भिंतीला टकरा देत हिंडणं. त्याहून वाईट म्हणजे त्याचा थोरला भाऊ परळीच्या जत्रेहून येताना वाटेतल्या सोबत्याने दिलेला पेढा खाऊन असाच पडला होता. शुद्धीवर आला तेव्हा हवेतून न दिसणारे दोरे वेचत होता आणि बैल गेले होते. निजामाच्या मुलखात वाटेवरचा धोतरा म्हणजे वाटमारी, एवढं प्रत्येक फिरस्त्याला ठाऊक होतं.

त्याने पालातली शिंकाळ्यात ठेवलेली शिशी काढली, घोंगडीखाली सारली आणि वर बैठक मारली.

बायडा चुलीवरून उठली. लेकीला मांडीवर उभी धरून ती पालाच्या तोंडाशी बसली.

“जने, आज्याला सांग, शिशी दे म्हनाव. थेंबाची येळ झाली.”

“जने, तुज्या आयला सांग, आज्या घोंगडीवर बसलाय. आज्याला उठाया येत न्हाई. कंबर धरलीय.”

“आज्याला सांग, बाहुली मोठी व्हनारच. मोठी हाय म्हनून तर चिकटत न्हाई.”

“आयला सांग, धोतरा खाल्लेलं शेरडू आज्यानं बघितलंय. डाक्टरनं बघितलंय का, इचार.”

“आज्याला सांग, तांबड्या मेंढीची कास सुजली तवा आज्याच म्हनला, पिळा, दुखलं तरी पिळा, न्हाईतर सड बंद व्हईल. म्हनला का न्हाई?”

जानकी आज्याच्या मुंडाशाकडे बघून बुडबुडे काढत होती.

“ती कास हाय, ह्यो डोळा हाय,” तात्याबा नातीला दरडावून म्हणाला. “आन् डोळा देवाचा हाय. देवाच्या वस्तूत धोतरा घालून कळपाचं काय व्हईल, ते इचार आयला.”

बायडाने दम घेतला. हे बोलायचं तिने वाटेतच ठरवलं होतं.

“आज्याला सांग, देवाला कान फाटलेलं कोकरूबी चालत न्हाई. जत्रंच्या आदी आज्या सोत्ता त्याचे दात बघतो, खूर बघतो, डोळे बघतो. डागी निघालं तर माघारी धाडतो. मंग त्योच देव इझलेला डोळा कावून घेईल?”

 तात्याबा लेकाकडे वळला. “बंक्या! तुजी बायकू लई बोलाया लागलीय!”

“मला काय म्हन्ता, आबा,” बंकट फडक्याआडून म्हणाला, “ती जनीसंगं बोलतीय.”

पण शिशी घोंगडीखालीच राहिली. तो दिवस तसाच गेला. म्हातारा जेवायलाही घोंगडीवरून उठला नाही, आणि बायडाने त्याची भाकरी तिथेच नेऊन दिली, दुधात कुस्करून, रोजच्यासारखी. राग वेगळा आणि भाकरी वेगळी.

दुसऱ्या सकाळी बंकट पुन्हा उजेडाकडे पाठ करून बसला. भुवईवर हात दाबून धरला होता. बायडाने पापणी उचलली. पाकळ्या आखडल्या होत्या. बीडला सुटत आलेली खालची जागा पुन्हा आत ओढली गेली होती. थोडं थोडं करून दार लावून घेतंय कुणीतरी, आणि आपण उंबऱ्यात बसून बघतोय, असं तिला झालं.

तिने सासऱ्याकडे बघितलं. आजवर तिने त्याच्याकडे पदराच्या कडेखालून बघितलं होतं. म्हणजे तिला त्याचे पाय, काठी आणि दाढी माहीत होती. आज ती सरळ बघत होती. कमरेतून वाकलेला, मान वळवायची तर आख्खं अंग वळवणारा म्हातारा. सकाळचा बंकट बसतो तसाच बसलेला. आणि त्याचा डावा डोळा. त्यात बाहुली होती, पण राईच्या दाण्याएवढी, कडा कुरतडल्यासारख्या, आणि मधे काळ्याच्या जागी पांढुरकं. डाक्टरांनी भिंगातून जे दाखवलं होतं, ते इथे भिंगाशिवाय दिसत होतं.

हा डोळा कुणी मागून नेलेला नव्हता. हा चिकटलेला होता.

“जने,” तात्याबा म्हणाला. तिचं बघणं त्याला लागलं असावं, कारण आवाजात कुचका खवचटपणा होता. “तुज्या आयला त्या पान्यावर एवढा इस्वास हाय, तर तिला म्हनाव, आदी आज्याच्या डोळ्यात घाल. घालशील का, इचार.”

“घालते,” बायडा म्हणाली.

तिने हे लेकीला सांगितलं नव्हतं.  तात्याबाने मुळात हे टोमणा म्हणून टाकलं होतं. सून सासऱ्याच्या तोंडाला हात लावेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं. पण शब्द गेला होता, आणि दिलेल्या शब्दावरून मेंढरांचे सौदे करणारा माणूस होता तो. शेवटी त्याने घोंगडीचा कोपरा वर केला.

बायडाने जानकीला बंकटच्या मांडीवर ठेवलं. पदर खांद्यावर मागे घेतला, कारण पदर पुढे असता तर थेंब दिसला नसता. हात धुतले.  तिने दोन्हीकडचा विचार केला होता. बाहुली उघडली, तर या दवेने डोळा मरत नाही हे त्याला कळेल. नाही उघडली, तर का नाही उघडली ते कळेल. त्याच्या चांगल्या डोळ्याला ती हातही लावणार नव्हती.

“वर बघा, मामंजी.”

म्हाताऱ्याने आभाळाकडे बघितलं. तिने खालची पापणी ओढली. पापणीची कातडी जुन्या पखालीसारखी मऊ होती. थेंब पडला. तिने नाकाजवळचा कोपरा दाबून धरला, आणि तेवढा वेळ ती सासऱ्याच्या इतकी जवळ उभी होती की त्याचा श्वास तिच्या मनगटावर येत होता. तो श्वास घाबरलेला होता. हा माणूस रागावलेला नाही, भ्यालाय, लेकाच्या जिवाला भ्यालाय, हे तिला तेव्हा कळलं, आणि तिचा स्वतःचा राग कुठल्या कुठे गेला.

“बसून ऱ्हावा. भाकरी व्हईस्तवर कळंल.”

तिने भाकऱ्या थापल्या. तव्यावरची शेवटची भाकरी फुगली, तरी तात्याबा शेरडांसारखा टकरा द्यायला उठला नाही, हवेतलं काही वेचायला लागला नाही. नुसता बसून होता.

“बंक्या, बघ,” तो शेवटी म्हणाला. “काय झालंय?”

बंकट आपल्या धड डोळ्याने जवळ जाऊन बघत राहिला. “कायबी न्हाई, आबा. हाय तशीच हाय. राईएवढी. हाललीबी न्हाई.”

“म्हंजी दवा खोटी?”

 बंकट बायडाकडे बघायला लागला. तात्याबाही तिकडे वळला, खांद्यांसकट.

“तू सांग,” तो म्हणाला. “जनीला मदी घालू नगंस. तू सांग मला.”

बायडा त्याच्यासमोर बसली. “दवा खोटी न्हाई, मामंजी. त्याच शिशीतला थेंब ह्यांच्या डोळ्यात पडला तवा बाहुली हिरीएवढी झाली, तुमीच म्हनलात. तुमची उघडत न्हाई, कारन ती चिकटलीय. सूज हुती तवा आपुन फडकं बांधून ठिवलं, ती आतल्या आत चिकटली, नि वर पडदा आला. ह्यांचीबी तीन जागी चिकटलीय. बीडला सुटत आलती. आज पुन्ना धराया लागलीय.”

 मेंढरं हलायला लागली होती. सकाळचं चरायला सोडायची वेळ टळून गेली होती आणि ती ओरडत होती. म्हाताऱ्याचं तिकडे लक्ष नव्हतं.

“म्हंजी,” तो म्हणाला, “माज्या येळंला हे पानी असतं तर?”

खोटं बोलता आलं असतं. तिला ते नको वाटलं. “असतं तर उघडी ऱ्हायली असती.”

“आन् माज्या बापाची?”

“त्यांचीबी.”

तात्याबाने हाताच्या पालथ्या बाजूने तो मेलेला डोळा पुसला. थेंबाचं पाणी असेल, किंवा दुसरं असेल. “तीन पिढ्या,” तो म्हणाला. “पुरनं घालून जेवलो आमी.” आणि मग एकाएकी चिडून, “बसलीस काय माज्या तोंडाकडं बघत? त्याला घाल! ए बंक्या, ये हितं, मुंडी धर वर!”

त्याने स्वतःच लेकाचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं, कोकराला दवा पाजताना घ्यावं तसं, दोन्ही गुडघ्यांत दाबून. बंकट “आबा, म्या पळून जात न्हाई” म्हणत होता. बायडाने थेंब घातला.

त्यानंतर थेंब चुकला नाही. शेकासाठी पाणी तापवायचं काम तात्याबाने स्वतःकडे घेतलं आणि ते इतकं कढत केलं की बायडाला रोज ते निवत ठेवावं लागे. भुकटीच्या आधी बंकटने भाकरी खाल्ली की नाही, हे तो मेंढरामागे असताना लांबून ओरडून विचारायचा. आपल्याला कुणी भुकटी देत नाही, याचीही त्याने दोनदा कुरकुर केली, तेव्हा बायडाने ठरवलं की पुढल्या खेपेला यालाही बीडला न्यायचं.

पौर्णिमेच्या आत, मेंढरं पाटलाच्या गड्याकडे सोपवून, ते चौघे बीडला गेले. डाक्टरांनी मेणबत्ती आणि भिंग घेतलं. बाहुली गोल झाली होती. तिन्ही जागा सुटल्या होत्या. डोळ्यातल्या भिंगावर तपकिरी ठिपके तेवढे राहिले होते, बांगडी फुटल्यावर मनगटावर राहतात तसे. “रहने दो, ये कुछ नहीं करते,” डाक्टर म्हणाले. थेंब हळूहळू कमी करायला सांगितले.

मग तात्याबा पुढे आला. त्याने मुंडासं काढून हातात घेतलं होतं.

“डाक्टरसाब, एक इचारू का? त्यात धोतरा हाय का न्हाई?”

आसाराम दखनी करायच्या आधीच डाक्टर मोठ्याने हसले. धोतऱ्याच्याच नात्यातलं झाड आहे, विलायतेतलं, ते म्हणाले. बुढ्ढ्याने बरोबर ओळखलं. जास्त झालं तर विष, थेंबभर डोळ्यात पडलं तर दवा.

“बघ!” तात्याबा लेकाला म्हणाला. “म्या सांगत हुतो!” आणि तो इतका खूश झाला की डाक्टरांनी त्याची पाठ तपासली, त्यालाही भुकटी दिली आणि उजवा डोळा लाल झालाच तर त्याच दिवशी निघून यायला बजावलं, ते त्याने पोरासारखं मान हलवत ऐकून घेतलं.

बायडाला एकच विचारायचं होतं, आणि ते तिने कुणाच्या आडून विचारलं नाही. “ह्यांना पुन्ना व्हईल का?”

“होगा,” डाक्टर म्हणाले. “सूज अंदर है. फिर आएगी.”

“आली तर आमीबी येऊ,” बायडा म्हणाली.

नदी ओलांडून ते वडवणीच्या वाटेला लागले. तात्याबा नातीला खांद्यावर घेऊन पुढे चालला होता आणि धोतऱ्याची गोष्ट तिला पहिल्यापासून सांगत होता. बंकटने तट्टावरून उतरून लगाम हातात घेतला; चाललं की कंबर बरी वाटते, म्हणाला. मावळतीचा उजेड सौम्य झाला तसं त्याने हिरवं फडकं वर केलं, उजवा डोळा तळहाताने झाकला, आणि नुसत्या डाव्याने बायकोकडे बघत उभा राहिला.

“काय दिसतंय?” तिने विचारलं.

“धुरकट दिसतीस. कडा पसरल्यात.” तो आणखी थोडा वेळ बघत राहिला. “पर तूच हाईस.”

“मंग दुसरी कोन असनार?” बायडा म्हणाली, आणि तिने त्याच्या हातातून लगाम घेतला, कारण तट्टू कुणाच्यातरी ज्वारीत शिरायला लागलं होतं.